पळशीकरांचा लॅटिन दिग्विजय

शंतनू पळशीकरच्या व्हिजिटिंग कार्डावर एका बाजूला 'प्रेसिडेंट अँड सीईओ' असं छापलेलं होतं आणि दुसऱ्या बाजूला गिटारचं चित्र होतं. त्या गिटारला तारा पाच होत्या. कंपनीचं नाव 'पळशीकर लॅटिन एंटरटेनमेंट', मुक्काम ट्रॉय, मिशिगन. कंपनीत माणसं दोन, तो आणि त्याची बायको शैलजा. आणि आपण कंपनीत आहोत हे शैलजाला कार्डं छापून आल्यावर कळलं, कारण खाली फोन नंबर तिचा होता. शंतनूचा स्वतःचा फोन ऑफिसच्या वेळात वाजलेला चालत नसे.

ऑफिस म्हणजे मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचा आयटी विभाग. नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निघून शंतनू तिथे जो येऊन बसला तो ग्रीन कार्ड झालं, घर झालं, मुलं कॉलेजात गेली तरी तिथेच बसलेला होता. कामात तो वाईट नव्हता आणि चांगलाही नव्हता. अशी माणसं ट्रॉयमध्ये पोत्याने सापडतील आणि त्यांच्याबद्दल कुणाची काही तक्रार नसते. शंतनूची गोष्ट सांगावी लागते ती एवढ्यासाठी, की त्याला कलेची आवड होती. गाणं त्याला कळत नसे. सूर लागला की सुटला हे तो शेजारच्याचं तोंड बघून ठरवी. पण गाणाऱ्या माणसाशेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायची त्याला फार ओढ होती, आणि तिलाच तो आवड म्हणे.

ही आवड त्याने आधी महाराष्ट्र मंडळात भागवली. तिथे तो सांस्कृतिक समितीचा प्रमुख होता आणि भारतातून येणाऱ्या गायकांचे, नाटकवाल्यांचे दौरे ठरवायचा. कलाकार कितीही मोठा असो, शंतनू त्याला हॉटेलात उतरवत नसे. हॉटेलात काय कुणीही राहतं, आपल्याकडे कसं घरच्यासारखं, असं त्याचं म्हणणं. मग कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये गादी पडे, शैलजाच्या स्वयंपाकघरात पंगतीचं वरण शिजे, आणि जेवणं आटोपली की शंतनू हात पुसत म्हणे, आता एक होऊन जाऊ दे. यजमानांचे शेजारी, त्यांच्या ऑफिसातले लोक, नुकतेच भारतातून आलेले सासू-सासरे असे सगळे आधीच येऊन बसलेले असत. ज्याच्या घरी जेवलो त्याला नाही म्हणणं आपल्या माणसाला जमत नाही, हे शंतनूने बरोबर हेरलं होतं. त्याचं सगळं शास्त्र ते एवढंच. पुण्याहून आलेली एक गायिका एकदा तापाने फणफणली होती. तिलाही त्याने सकाळी पोह्यांच्या बशा फिरत असताना यजमानांच्या सासऱ्यांसाठी अभंग म्हणायला लावला. शैलजा आतून काढा घेऊन आली तेव्हा त्या बाईने तिच्याकडे असं पाहिलं, की पुढे कित्येक दिवस शैलजाला पोहे करवले नाहीत.

त्याची दुसरी हौस सत्काराची. अमेरिकेतली आपली मंडळं सत्कारावर चालतात. कार्यक्रमाचा खर्च उचलतो कोण, तर घरं विकणारा, घरासाठी कर्ज मिळवून देणारा, दातांचा डॉक्टर आणि व्हिसाचा वकील. त्या बदल्यात त्यांना स्टेजवर बोलावून शाल, नारळ आणि माइक द्यावा लागतो. सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत, असं म्हणायचा अवकाश, की आईने काढलेल्या कष्टांपासून सुरुवात होते. आणि सत्कारमूर्तीच्या हातातला माइक कुणी काढून घेत नाही. गायक विंगेत ताटकळतो, पोरं आयांच्या मांडीवर झोपून जातात, बाहेर बटाटेवडे गार होतात, पण आता पुरे म्हणायची छाती कुणाची होत नाही. सूत्रसंचालन कायम शैलजाकडे असे. तिचा आवाज चांगला होता आणि ती फुकट होती.

एका वर्षी शंतनू मंडळाच्या अध्यक्षपदाला उभा राहिला आणि सपाटून आपटला. ज्यांच्या बेसमेंटमध्ये त्याने इतके कलाकार घुसवले होते त्या सगळ्यांनी गुपचूप दुसऱ्याला मत दिलं. तो चिडून मंडळातून बाहेर पडला. त्याच सुमारास डॉक्टरांनी रक्तातली साखर वाढल्याचं सांगून रोज चालायला सांगितलं होतं. चालण्यात फोटो निघत नाहीत, म्हणून त्याने कम्युनिटी सेंटरमधला साल्सा नाचाचा क्लास लावला. तिथे त्याला दोन शोध लागले. एक, आपली कंबर हलत नाही. दुसरा, या गाण्यांना माणसं तिकीट काढून येतात आणि इथे कुणाला मंडळाची निवडणूक लढवावी लागत नाही.

मेक्सिको, क्युबा, कोलंबिया हे सगळं त्याच्या लेखी एकच गाव होतं आणि त्या गावात सगळे एकच गाणं गात. पहिला कार्यक्रम त्याने 'साल्सा नाइट' म्हणून जाहीर केला आणि स्वस्तात मिळाला म्हणून उत्तर मेक्सिकोतल्या पद्धतीचा, रुंद हॅटवाल्यांचा, अकॉर्डियन वाजवणारा बँड बोलावला. ती मंडळी आपलं गाणं छान वाजवत होती, पण त्यावर साल्सा करणं म्हणजे भजनावर लेझीम खेळणं. क्लास लावून आलेली जोडपी एकमेकांच्या पायांवर पाय देत उभी राहिली. तेव्हा शंतनूने माइक घेऊन सांगितलं, की हा स्लो साल्सा आहे. वादकांची झोपायची सोय त्याने ऋषी नावाच्या एका रिअल्टरच्या, म्हणजे घरं विकणाऱ्याच्या, बेसमेंटमध्ये केली होती. सकाळी त्यांच्यापुढे साबुदाण्याची खिचडी आली आणि मागोमाग शंतनू हात पुसत आला.

शैलजा हे सगळं बघत होती. सुरुवातीला तिला हसू येई, मग लाज वाटू लागली. लग्नाआधी ती स्वतः गाणं शिकली होती, चांगली सात वर्षं. ही गोष्ट शंतनूच्या लक्षात राहिली नव्हती आणि तिनेही आठवण करून देणं सोडलं होतं.

ट्रॉयहून गाडीने थोडं वर गेलं की पॉन्टिॲक लागतं. तिथे मेक्सिकोतून आलेल्या लोकांची वस्ती आहे. त्या वस्तीत ग्रासिएला नावाच्या एका विधवा बाईची बेकरी होती. कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आणायला म्हणून शंतनू शैलजाला घेऊन तिथे गेला, तर आतून गाण्याचा आवाज येत होता. ग्रासिएलाची मुलगी येसेनिया भट्टीतून निघालेले गोड पाव ट्रेमध्ये मांडता मांडता गात होती. शैलजा केकचा खोका हातात धरून जागच्या जागी उभी राहिली. भरीव, जरासा खरबरीत आवाज, वर जाताना मुळीच न ओरडणारा, आणि शब्द कळत नसूनही कळल्यासारखे वाटत होते. इतकं खरं गाणं तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. शंतनूने वेगळंच पाहिलं. आपला नंबर आला तरी रांगेतली माणसं पुढे सरकत नव्हती. सूर त्याला कळत नसला तरी रांग कळत होती.

मग त्याने जे केलं त्याला तोड नाही. काउंटरला वळसा घालून तो आत गेला आणि ग्रासिएलाच्या पाया पडला. ती बिचारी आधी दचकून मागे सरली आणि मग पदराऐवजी एप्रनने डोळे टिपू लागली. नवरा गेल्यापासून दोन-तीन मॅनेजर कागद घेऊन तिच्या दारात येऊन गेले होते आणि इंग्रजी कागदांना भिऊन तिने त्यांना वाटेला लावलं होतं. हा माणूस कागदाचं नावही काढत नव्हता, उलट घरच्यांत कागद कशाला म्हणत होता, आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडे बोट दाखवत होता. शैलजाच्या कपाळावर टिकली होती आणि हातात केक. तिला बघून ग्रासिएलाची खात्री पटली. आपण तिथे तारण म्हणून उभ्या होतो हे शैलजाला घरी पोचल्यावर उमगलं.

त्या दिवसापासून शंतनू येसेनियाचा मॅनेजर झाला. ती त्याला 'तिओ' म्हणू लागली, म्हणजे काका, आणि शैलजाला 'तिआ'. मुलगी तेवीस वर्षांची होती, स्वतः गाणी रचायची, पहाटेच्या भट्टीवर, आईच्या हातांवर, गेलेल्या वडिलांवर. ती गाणी ऐकायची शंतनूने कधी तसदी घेतली नाही. त्याने तिला कुठे नेलं, तर ट्रॉयमधल्या डोहाळजेवणांना, बारशांना, वास्तुशांतींना. आपल्या लोकांनी 'लॅटिन थीम' नावाचा एक प्रकार काढला होता. कागदी हॅटा घालायच्या, भिंतीला रंगीत झिरमिळ्या लावायच्या, पावभाजी खायची आणि कोपऱ्यात येसेनियाला उभं करायचं. ती डोळे मिटून गाऊ लागली की शेजारी बायका पावावर बटर कमी पडलं म्हणून बोलत. गाणं संपलं की यजमानीण विचारी, हिंदी येतं का एखादं? तिला येत नव्हतं म्हणून शंतनूने तिला ते शिकायला लावलं. तिने ते शिकूनही घेतलं आणि ज्यांची ती भाषा होती त्यांच्यापेक्षा नीट म्हटलं.

एकदा अशाच एका वास्तुशांतीत स्वयंपाकघरात शैलजाशेजारी उभी राहून पाणी पिताना येसेनिया शांतपणे म्हणाली, "तिआ, मला गाताना बघत असलेला माणूस मी दोन वर्षांत पाहिला नाही. सगळे चावत असतात."

शैलजाने तिचा ग्लास पुन्हा भरला. बाहेर शंतनू कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून सांगत होता की ही पोरगी म्हणजे आपली घरचीच.

असं चाललं होतं तोवर सॅन अँटोनिओहून निरोप आला. तिथे नेरेइदा क्विंटेरो नावाची एक बाई होती. ती दर वर्षी शरद ऋतूत नव्या गायकांना घेऊन शहराशहरांतून गाण्यांचा दौरा काढायची आणि तिच्या दौऱ्यातून गेलेल्या पोरांना पुढे कुणाच्या वास्तुशांतीत गावं लागत नसे. येसेनियाच्या मावसबहिणीने चर्चमधल्या एका समारंभातलं तिचं गाणं फोनवर घेऊन कुठेतरी टाकलं होतं, ते या बाईंच्या कानावर पडलं. रेकॉर्डिंगवर त्या विसंबत नसत, मुलीला समोर बसून ऐकायचं म्हणत होत्या. येसेनिया धावत शंतनूकडे आली. मॅनेजर तोच, तेव्हा उत्तर त्यानेच द्यायचं.

त्याने उत्तर दिलं, की मुलीचा घसा बसला आहे. हे तो फोनवर बोलत असताना शैलजा जेवणाच्या टेबलाशी वाटाणे सोलत होती आणि आदल्याच संध्याकाळी ती मुलगी एका दातांच्या डॉक्टरच्या घरी चार तास गाऊन गेली होती. शैलजाने विचारलं तेव्हा शंतनू म्हणाला, यार, असं लगेच हो म्हणायचं नसतं, थोडं ताणावं लागतं, तुला बिझनेस कळत नाही. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा त्याने मुलगी मेक्सिकोला आजीकडे गेल्याचं सांगितलं. तिची आजी पॉन्टिॲकमध्येच राहत होती.

तिसऱ्यांदा त्या बाईंनी शंतनूला विचारलंच नाही. त्यांनी येसेनियाला थेट कळवलं, की जुलैतल्या एका रविवारी मी डेट्रॉइटला आहे, त्या दुपारी पॉन्टिॲकच्या रस्त्यावरच्या मेळ्यात तू गाणार आहेस असं दिसतं, मी विमानतळावर जायच्या आधी येऊन ऐकते. दौऱ्यात एकच जागा उरली होती आणि त्याच आठवड्यात ती भरायची होती. आता ती सटकली तर पुन्हा कुणी सॅन अँटोनिओहून बेकरीतली मुलगी शोधत येणार नव्हतं. येसेनियाला हे माहीत होतं. ग्रासिएलाला माहीत होतं, तिने मेणबत्त्या लावायला सुरुवात केली होती. शैलजालाही माहीत होतं.

मेळ्यातला स्टेज तासाभरासाठी शंतनूच्या नावावर होता. चार वाजता पुढच्या बँडला द्यायचा आणि मेळ्याचे लोक घड्याळाचे पक्के. शनिवारी त्याने शैलजाला सूत्रसंचालनाचा क्रम सांगितला. आधी दीपप्रज्वलन, मग स्वागत, मग प्रायोजकांचे सत्कार, रिअल्टर ऋषी, कर्जवाले, वकील. मग प्रमुख पाहुण्या नेरेइदा मॅडमचा सत्कार. मग उरलेले प्रायोजक, डॉक्टर आणि किराणावाले. मग ग्रासिएलाचा, आदर्श माता म्हणून. सगळ्यात शेवटी येसेनिया.

शैलजाने मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाली, अरे, अशाने तिला गायला वेळच उरणार नाही.

"गाईल की एखादं. नाही जमलं तर नाही जमलं," शंतनू म्हणाला. मग जरा आवाज उतरवून त्याने खरं तेही सांगितलं. "शैलू, जरा डोकं चालव. ती बाई हिला घेऊन गेली, तर ही परत येणार आहे का आपल्याकडे?"

 आजवर शैलजा त्याला मूर्ख समजत होती आणि मूर्ख माणसाबरोबर संसार करता येतो, कितीतरी जणी करतात. पण हा मूर्ख नव्हता. हा शाल-नारळ हातात घेऊन, हसतमुखाने, सगळ्यांच्या देखत त्या पोरीचा गळा दाबणार होता, आणि सगळे टाळ्या वाजवणार होते. तिला त्याची सरळ किळस आली. तिने सत्कारांची नावं क्रमाने कागदावर उतरवून घेतली. आपण सांगितल्यावर शैलजा ऐकते, याची शंतनूला सवय झाली होती आणि इतकी वर्षं ती सवय तिनेच लावलेली होती.

रविवारी ऊन रणरणत होतं. स्टेजसमोर मागच्या बाजूला पॉन्टिॲकची कुटुंबं घडीच्या खुर्च्या घेऊन बसली होती, म्हातारीकोतारी, कडेवर पोरं, सगळी येसेनियाला लहानपणापासून ओळखणारी. पुढच्या दोन रांगा ट्रॉयच्या प्रायोजकांसाठी राखलेल्या. नेरेइदाबाई वेळेवर आल्या. पन्नाशीच्या, पांढरे केस बांधलेल्या, साध्या कपड्यांतल्या, हातात प्रवासाची बॅग. त्यांना ओढून मधोमध बसवलं. ग्रासिएला चर्चचा निळा झगा घालून कडेच्या खुर्चीत पर्स घट्ट धरून बसली होती. येसेनिया आणि तिचा गिटारवाला विंगेत उभे होते.

समई वाऱ्याने तीनदा विझली. ती लागल्यावर सत्कार सुरू झाले. ऋषीने आधी आईच्या कष्टांचं सांगितलं आणि मग या भागात घरांना अजून किती वाव आहे ते सांगितलं. कर्जवाल्याने व्याजाचे दर सांगितले. वकिलाने व्हिसाच्या नव्या नियमांची माहिती दिली, तीही अशा लोकांना, ज्यांना ती घाम गाळून शिकावी लागली होती. मागची कुटुंबं सभ्यपणे ऐकत होती. नेरेइदाबाईंना वर बोलावून शंतनूने त्यांच्या खांद्यावर लोकरी शाल टाकली, जुलैच्या त्या उन्हात, आणि हातात नारळ ठेवला. त्यांना वाटलं, झालं. त्यांनी दोनच वाक्यं बोलून माइक परत दिला आणि मुलगी कुठे आहे असं विचारलं. शंतनू हसून म्हणाला की येणार ना, येणार. आणि डॉक्टरांना वर बोलवायची खूण केली.

डॉक्टर उठले तेव्हा नेरेइदाबाईंनी घड्याळ पाहिलं आणि बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला. ते ग्रासिएलाने पाहिलं. तिने शैलजाकडे बघून नुसतं बोटांनी विचारलं, कधी? तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशयही नव्हता. घरच्या माणसाला विचारावं तसं तिने विचारलं होतं, आणि ते शैलजाला सहन झालं नाही.

तिने माइक तोंडाशी नेला आणि खणखणीत आवाजात इंग्रजीत सांगितलं, की यानंतरचा सत्कार आपल्या सगळ्यांच्या लाडक्या येसेनियाचा.

डॉक्टर अर्ध्या पायरीवर थांबले. शंतनूने स्टेजवरूनच मान हलवून नाही, नाही अशी खूण केली. शैलजा त्याच्याकडे न बघता पुढे बोलत राहिली, की श्री. पळशीकर यांना विनंती आहे, त्यांनी शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार करावा. मागचं सगळं पॉन्टिॲक उभं राहून टाळ्या वाजवू लागलं, फोन वर झाले. येसेनिया गोंधळून विंगेतून बाहेर आली. फोटो निघत असताना हात आखडता घेणं शंतनूला जन्मात जमलं नव्हतं. त्याने हसत तिला शाल घातली, नारळ दिला आणि कॅमेऱ्यांकडे तोंड केलं.

"सत्कारमूर्तींनी आता दोन शब्द बोलावेत," शैलजा म्हणाली आणि माइक येसेनियाच्या हातात देताना खालच्या आवाजात पुढे म्हणाली, "जोवर तुझ्या हातात आहे, तोवर हा कुणी काढून घेत नाही. आमच्यात तशी पद्धत आहे. तुझी गाणी म्हण."

मुलीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग नारळ शंतनूच्या हातात दिला, गिटारवाल्याला बोलावून घेतलं आणि भट्टीचं गाणं सुरू केलं.

शंतनू स्टेजच्या मधोमध नारळ घेऊन उभा राहिला. हात पुढे करून माइक घ्यावा तर सत्कार चाललेला, आणि सत्कारमूर्तीचा माइक घेणारा माणूस ट्रॉयमध्ये पुन्हा तोंड दाखवू शकला नसता. आयुष्यभर ज्या रिवाजावर तो जगला त्याच रिवाजाने त्याचे हात बांधले होते. तो दोनदा खाकरला, एकदा ऋषीकडे बघून हसला, शेवटी हळूहळू मागे सरकत पडद्याला टेकला. येसेनिया शाल खांद्यावर तशीच ठेवून गात होती. भट्टीचं झालं, मग वडिलांचं, मग आईच्या हातांचं. पॉन्टिॲकच्या बायका रडत होत्या. प्रायोजकांच्या रांगेत खाणारं कुणी नव्हतं, कारण खायला काही ठेवलेलं नव्हतं, आणि त्यामुळे की काय, ट्रॉयच्या लोकांनी तिचं गाणं पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टर पायरीवरच बसले होते. नेरेइदाबाईंनी बॅग खाली ठेवली होती. चार वाजले तेव्हा पुढच्या बँडचे लोक येऊन विंगेत उभे होते आणि तेही काही बोलले नाहीत. तिसरं गाणं संपल्यावरच स्टेज रिकामा झाला.

खाली उतरल्यावर नेरेइदाबाई थेट मायलेकींकडे गेल्या आणि मुलीचा मॅनेजर कोण असं विचारलं. शंतनू कार्ड काढून पुढे सरसावला. नारळ अजून काखेत होता.

ग्रासिएलाने त्याच्या दंडावर प्रेमाने हात ठेवला. "मॅनेजर नाही हो," ती म्हणाली, स्पॅनिशमध्ये, आणि येसेनियाने ते शंतनूसाठी इंग्रजीत सांगितलं. "हे आमच्या घरचे आहेत. देवमाणूस. दोन वर्षांत एका कागदावर सही मागितली नाही."

"म्हणजे हिच्या नावे कुठलाच करार नाही?" नेरेइदाबाईंनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या की बरं झालं, मग आपण आपापसातच बोलू, आणि मायलेकींना घेऊन बेकरीकडे चालू लागल्या. ग्रासिएलाने मागे वळून शंतनूला हात केला. त्यात टोमणा नव्हता, ती खरंच त्याचे उपकार मानत होती. शंतनू कार्ड धरलेला हात खाली घ्यायलाही विसरला. त्या रात्रीचं विमान नेरेइदाबाईंनी पुढे ढकलल्याचं आणि आपण सप्टेंबरपासून दौऱ्यावर असल्याचं येसेनियाने संध्याकाळी फोन करून शैलजाला सांगितलं. सांगता सांगता ती रडली, आणि इकडे गाडीत शैलजाही.

गाडी शंतनू चालवत होता. पॉन्टिॲकपासून तो गप्प होता, पण गप्प बसणं त्याच्या प्रकृतीला मानवत नसे. फोन संपल्यावर त्याने सुरुवात केली. पोरगी सहा महिन्यांत परत येईल, बाहेर घरच्यासारखं कोण बघणार, असं तो म्हणाला. एक ब्राझिलियन ड्रमवाला नजरेत आहे, त्याच्यासाठी ऋषीच्या बेसमेंटचं विचारायला हवं, असंही म्हणाला. मग त्याची गाडी शैलजाकडे वळली. तिची चूक झाली हे तो समजून घेत होता. स्टेजवर गडबड उडते, क्रम डोक्यातून जातो, त्यात ऊन. तिला स्टेजचा अनुभव नाही, हे त्याने लक्षात घ्यायला हवं होतं. वीस वर्षं त्याचा प्रत्येक कार्यक्रम जिने रेटला तिला तो हे सांगत होता, आणि पुढच्या वेळी सत्कारांचा क्रम कसा लक्षात ठेवायचा तेही समजावून सांगत होता, फार मायेने.

शैलजाने त्याला पुरतं बोलू दिलं. गाडी सिग्नलला थांबली तेव्हा ती म्हणाली, "मी विसरले नव्हते, शंतनू. मुद्दाम बोलावलं तिला. तू तिला गाऊ देणार नव्हतास म्हणून."

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं.

"तू?" तो म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं. चांगलं खळखळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो हसत राहिला. सिग्नल हिरवा झाला तरी त्याचं हसणं थांबेना आणि मागचा गाडीवाला हॉर्न वाजवू लागला.